एमआरआयने वाट दाखवली, नाव रक्ताने सांगितलं

हे लिहायला बाबांनी होकार दिला आहे. अट एकच, आमचं आडनाव, पेठ आणि हॉस्पिटल यातलं काही यायला नको. "आजाराचं नाव मात्र लिही. ते लपवलंस तर लिहून उपयोग काय?" असं ते स्वतःच म्हणाले. तर आजाराचं नाव न्यूरोसिफिलिस. सिफिलिस म्हणजे उपदंश. आईच्या पिढीला तो 'गरमी' म्हणून माहीत. त्याचे जंतू मेंदू आणि मज्जारज्जूपर्यंत पोचतात, तिथे मुक्काम करतात, आणि काही जणांत दहा, वीस, कधी त्याहूनही जास्त वर्षांनी मेंदू पोखरायला लागतात. या शेवटच्या अवस्थेला डॉक्टर जनरल पॅरेसिस म्हणतात. बाबांना तेच झालं होतं. निदानात एमआरआयचा मोठा हात होता, पण तो कसा आणि कुठपर्यंत, हे आम्हाला आधी कळलं असतं तर पुष्कळ धास्ती वाचली असती. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बाबा एका पतसंस्थेत हिशेबनीस होते. निवृत्त झाल्यावर सोसायटीचा जमाखर्च तेच बघायचे. आधी त्या जमाखर्चातल्या बेरजा चुकायला लागल्या. मग सही जुळत नाही म्हणून बँकेने चेक परत केला. पाहिलं तर अक्षर थरथरलेलं, आडनावातलं एक अक्षर गळलेलं. बोलणं जड झालं, जोडाक्षरांवर जीभ अडखळायची. आईवर कधी आवाज न चढवलेला माणूस भाजीत मीठ कमी म्हणून ताट ढकलून उठायला लागला. आणि पुढे जे सुरू झालं त्याने आम्ही हादरलोच. प्रभात रोडला बंगला घ्यायचा, मुळशीकडे जमीन घेऊन शाळा काढायची, शाळेच्या उद्घाटनाला राष्ट्रपतींना बोलवायचं. नुसतं बोलणं असतं तर हसून सोडलं असतं, पण एके दिवशी ते एका एजंटला खरोखरच बयाणा देऊन आले.

फॅमिली डॉक्टरांनी साखर, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह तपासलं. सीटी स्कॅन झाला, त्यात 'वयोमानानुसार बदल' एवढाच शेरा. नातेवाईक म्हणायचे, रिटायर झाल्यावर होतं असं. मानसोपचारतज्ज्ञांनी झोप लागण्यासाठी आणि डोकं शांत राहण्यासाठी गोळ्या दिल्या, आणि योग्य वाटेवर आम्हाला आणलं तेही त्यांनीच. ज्याला आयुष्यात कधी असा उन्माद झाला नाही, त्याला साठीनंतर पहिल्यांदा होतो तेव्हा मेंदूत काही शारीरिक बिघाड नाही ना, हे बघितल्याशिवाय गोळ्या वाढवत जाणं बरोबर नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी न्यूरॉलॉजिस्टच्या नावे चिठ्ठी दिली.

न्यूरॉलॉजिस्ट मॅडमनी पुष्कळ वेळ घेतला. शंभरातून सात वजा करत जा, म्हणाल्या. जन्मभर आकडेमोड केलेला माणूस त्र्याण्णवच्या पुढे सरकला नाही. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तर बाराही आकडे एकाच बाजूला गोळा झाले. आई मान खाली घालून बसली होती. मग मॅडमनी खोलीतला दिवा मालवला आणि बाबांच्या डोळ्यांत टॉर्च मारला. बाहुल्या बारीकच होत्या, उजेडाने त्या आणखी आकसल्या नाहीत. पण बोट लांबून नाकाजवळ आणत "इकडे बघा" म्हटल्यावर आकसल्या. त्यांनी हे दोनदा करून बघितलं. उजेडाला दाद न देणाऱ्या, पण जवळचं बघताना आकसणाऱ्या या बाहुलीचं वर्णन आर्गाइल रॉबर्टसन या स्कॉटिश नेत्रतज्ज्ञाने १८६९ साली केलं, आणि ती उपदंशाची जुनी खूण मानली जाते, हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी मॅडम एवढंच म्हणाल्या, "एमआरआय करून घेऊ, कॉन्ट्रास्टसकट."

चिठ्ठीवर त्यांनी काय लिहिलं हे मला मुद्दाम सांगायचं आहे. नुसतं 'विसरभोळेपणा' लिहून त्यांनी भागवलं नाही. बदल किती महिन्यांपासून, स्वभाव कसा पालटला, बोलण्यात काय फरक, बाहुल्यांचं काय, सगळं चार ओळींत होतं. आधीच्या सीटीच्या चिठ्ठीवर 'चक्कर, विसरणे' एवढे दोनच शब्द होते. फोटो वाचणाऱ्या डॉक्टरसमोर रुग्ण नसतो. तो काय शोधतो ते या चार ओळींवर बरंच अवलंबून असतं. आपल्या माणसाच्या चिठ्ठीवर काही लिहिलेलं नसेल तर डॉक्टरांना लिहायला सांगावं, त्यात संकोच करू नये, असं माझं अगदी ठाम मत झालं आहे.

कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन गॅडोलिनियमचं असतं आणि ते किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात. ते ठीक आलं. सेंटरवर गेल्यावर एक लांबलचक फॉर्म भरून घेतला. पेसमेकर आहे का, कुठे स्टील बसवलंय का, कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता का, कवळी आहे का. बाबांची अंगठी बोटात रुतलेली, ती साबण लावून काढली. बाबा एकटे आत थांबेनात, म्हणून त्यांच्या पायाशी बसायची मला परवानगी मिळाली. मग माझ्याही अंगावरचं सगळं उतरलं, मंगळसूत्र, कानातलं, केसांच्या पिना, ओढणीची सेफ्टी पिनसुद्धा. तंत्रज्ञ दादा फार शांत स्वभावाचा होता. "सोनं ओढलं जात नाही ताई, पिन मात्र उडते," म्हणाला. मशीन १.५ टेस्लाचं होतं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट, आणि स्कॅन चालू नसला तरी चुंबक चालूच असतो. घाईघाईत मोबाईल घेऊन आत धावणाऱ्या नातेवाइकांना तो का इतक्या कडकपणे अडवत होता, ते तेव्हा समजलं.

बाबांना टेबलावर झोपवून डोक्याभोवती पिंजरा बसवला, कानात बोळे घातले, हातात रबरी फुगा दिला. घाबरल्यासारखं झालं तर दाबायचा. पहिल्यांदा आत गेल्यावर त्यांनी तो सतत दाबला. "मला पेटीत घालताय!" असं ओरडून उठायला लागले. डोकं हललं की फोटो पुसट येतो, आणि पुसट फोटोत बारीक बदल दिसत नाहीत. शेवटी भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावून हलकी गुंगी दिली, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आणि मग काम सुरू झालं. मी त्यांचा तळपाय धरून बसले. ठकठक, मग घरघर, मग भोंग्यासारखा एकसुरी आवाज, मग अचानक शांतता. प्रत्येक आवाज म्हणजे एक वेगळी फोटोंची मालिका. यात क्ष-किरण नसतात. आपल्या अंगातल्या पाण्यात जो हायड्रोजन असतो, त्याला चुंबक आणि रेडिओलहरींनी हलवून त्याचा प्रतिसाद टिपतात. मेंदूत सूज असली की तिथलं पाणी वाढतं आणि काही मालिकांत तो भाग पांढरा दिसतो. फ्लेअर नावाच्या मालिकेत मेंदूभोवतालच्या मोकळ्या पाण्याचा पांढरेपणा घालवून टाकतात, म्हणजे त्याच्याआड दडलेली सूज उठून दिसते. डिफ्युजन नावाच्या मालिकेत ताजा पक्षाघात कळतो. हे महत्त्वाचं, कारण उपदंश मेंदूच्या रक्तवाहिन्यांनाही धरतो आणि तरुण माणसालाही त्यातून पक्षाघात होऊ शकतो. शेवटी कॉन्ट्रास्ट. मेंदूच्या आवरणाला दाह असेल किंवा गाठ असेल तर ती जागा त्याने उजळते.

सगळं आटोपल्यावर रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे फोटो वाचणारे डॉक्टर, स्वतः बाहेर आले. अशा वेळी ते सहसा येत नाहीत, त्यामुळे माझ्या पोटात गोळाच आला. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. ताप आला होता का? फिट आली होती का? हे दिवसांत झालं की महिन्यांत? ताप नाही, फिट नाही, महिन्यांत, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि आत जाऊन फोन लावला. तो न्यूरॉलॉजिस्टना होता, हे नंतर कळलं.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी हातात आला. इंग्रजीतला तो मजकूर मी आणि दादा, म्हणजे माझा भाऊ, रिक्षात बसूनच वाचत होतो आणि दर ओळीला मोबाईलवर अर्थ शोधत होतो. सांगायचं तर असं होतं: दोन्ही कानशिलांच्या आतला भाग, आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस जिथे असतो तिथे, फ्लेअरवर पांढरा, उजवीकडे जास्त. कपाळामागचा आणि कानशिलाकडचा मेंदू वयाच्या मानाने जास्तच आक्रसलेला. ताजा पक्षाघात नाही, गाठ नाही. आणि खाली शक्यता दिलेल्या: हर्पिसचा मेंदूज्वर, शरीरानेच मेंदूवर केलेल्या हल्ल्यातून झालेला दाह, न्यूरोसिफिलिस. दादाने तिसरा शब्द वाचला आणि कागदाची घडी घातली. रिक्षावाला ऐकत असेल असं वाटलं त्याला. त्या क्षणी आम्ही दोघांनीही ठरवून टाकलं की ते तिसरं काही नसणार.

मॅडमनी फोटो खिडकीपाशी धरले नाहीत, कॉम्प्युटरवर उघडून आम्हाला एकेक दाखवले. सीटीत जे 'वयोमानानुसार' म्हणून गेलं होतं, त्यातली मेंदूची झीज खरी होती, पण ती नेमकी कुठे जास्त आहे आणि तिच्या शेजारी सूज आहे हे तिथे दिसलं नव्हतं. मी विचारलं, "म्हणजे यावरून नक्की झालं का?" त्या म्हणाल्या, "नाही. रस्ता खचलाय हे नकाशात दिसतंय. पाण्याची लाइन फुटली की ड्रेनेजची, ते खणल्याशिवाय कळणार नाही." एमआरआयमध्ये असं एकही चिन्ह नाही की जे फक्त न्यूरोसिफिलिसमध्येच दिसतं. कानशिलाकडचा हाच पांढरेपणा हर्पिसमध्येही दिसतो. उलट न्यूरोसिफिलिस असूनही एमआरआय अगदी नॉर्मल येऊ शकतो. त्यामुळे एमआरआय नॉर्मल म्हणून उपदंश नाही असंही कोणी म्हणू नये. मग त्याचा उपयोग काय? आमच्या बाबतीत त्याने साधं म्हातारपण ही समजूत खोडली, गाठ आणि पक्षाघात बाजूला काढले, मेंदूत दाह चालू आहे हे दाखवलं, आणि पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतालचं पाणी, तपासणीसाठी काढायला हरकत नाही हेही सांगितलं. डोक्यात दाब वाढवणारी गाठ असताना ते पाणी काढणं धोक्याचं असतं.

हर्पिस काही दिवसांत माणसाला खाली पाडतो, बहुतेकदा तापासकट. तो इथे बसत नव्हता. दुसऱ्या शक्यतेच्या तपासण्या महाग आणि वेळखाऊ. तिसरीची तपासणी सगळ्यांत स्वस्त, आणि तोच आजार सगळ्यांत साध्या औषधाने आवाक्यात येणारा. "म्हणून आधी तोच बघायचा. इथे कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही, कोणत्या दाराला आधी हात लावायचा याचा आहे," असं मॅडम म्हणाल्या. नंतर त्यांनी आम्हा तिघांना बाहेर जायला सांगितलं आणि बाबांशी एकट्याने बोलल्या. लग्नाआधी बाबा नोकरीसाठी काही वर्षं दुसऱ्या शहरात खोली घेऊन राहिले होते, एवढं मला माहीत होतं. आत त्यांनी काय सांगितलं ते मी आजवर विचारलेलं नाही. विचारायचं कारणही मला दिसत नाही. उपदंशाची पहिली जखम दुखत नाही, आपोआप भरून येते. पुढे अंगावर उठणारं पुरळही निघून जातं. माणसाला वाटतं संपलं. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका न दुखणाऱ्या फोडासाठी आज कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं?

रक्ताच्या तपासण्या दोन प्रकारच्या होत्या. व्हीडीआरएल आजाराची तीव्रता सांगते आणि उपचारानंतर उतरते. पण उशिराच्या अवस्थेत ती कधीकधी निगेटिव्हही येते. टीपीएचए जंतूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रतिपिंडांची खूण दाखवते आणि एकदा पॉझिटिव्ह झाली की बहुतेकांत जन्मभर तशीच राहते. मॅडमनी दोन्ही एकदम करायला सांगितल्या, फक्त व्हीडीआरएलवर विसंबल्या नाहीत. एचआयव्हीचीही तपासणी, त्यासाठी आधी समुपदेशन आणि लेखी संमती. लॅबच्या काउंटरवर भर गर्दीत एकाने "व्हीडीआरएल कोणाचं आहे?" असं मोठ्याने विचारलं. आई जागची उठली, सरळ पुढे गेली आणि म्हणाली, "आमचं आहे. हळू बोला." त्या दोन शब्दांनी मला पुढचे कित्येक दिवस धीर दिला.

व्हीडीआरएल १:३२ ला रिऍक्टिव्ह, म्हणजे रक्त बत्तीस पट पातळ केलं तरी पॉझिटिव्ह. टीपीएचए पॉझिटिव्ह. एचआयव्ही निगेटिव्ह.

आता उपदंश आहे हे ठरलं, पण मेंदूत आहे हे ठरायचं होतं. त्यासाठी पाठीतलं पाणी. याची आमच्याकडे फार भीती. मावशीचा फोन आला, "पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, नको करू." मॅडमनी बाबांच्याच पाठीवर बोट ठेवून दाखवलं, मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशी संपतो आणि सुई त्याच्या बऱ्याच खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या मध्ये जाते. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवलं, जागा बधिर केली, आणि नितळ थेंब बाटल्यांत पडायला लागले. पाण्यासारखे स्वच्छ होते ते, आणि तरी त्यात पांढऱ्या पेशी ३८ निघाल्या. सामान्यतः पाचपर्यंत असतात. प्रथिनं वाढलेली, आणि पाण्यातली व्हीडीआरएल रिऍक्टिव्ह. या पाण्यात रक्त मिसळलेलं नसेल तर ही तपासणी पॉझिटिव्ह येणं म्हणजे जवळजवळ खात्री. निगेटिव्ह आली असती तर मात्र आजार नाही असं म्हणता आलं नसतं, कारण खऱ्या रुग्णांतही ती पुष्कळदा निगेटिव्ह येते. अशा वेळी पेशी, प्रथिनं, एमआरआय आणि लक्षणं हे सगळं एकत्र मांडून डॉक्टरांना निर्णय घ्यावा लागतो. आमचं नशीब की बाबांच्या बाबतीत सगळे पुरावे एकाच बाजूला होते.

उपचार पेनिसिलिनचा. स्नायूत टोचायचं दीर्घकाळ टिकणारं पेनिसिलिन इथे चालत नाही, ते मेंदूच्या पाण्यात पुरेसं उतरत नाही. शिरेतून, दर चार तासांनी, ४० लाख युनिट, म्हणजे दिवसाला २ कोटी ४० लाख. असे दहा ते चौदा दिवस. आम्हाला पूर्ण चौदा सांगितले. हे औषध इतकं जुनं आणि स्वस्त की प्रत्येक दुकानात असतंच असं नाही. दादा सदाशिव पेठेतल्या होलसेल औषधवाल्यांकडे फिरून कुप्या जमवायचा. आमच्या पिंपरीच्या एच. ए., म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, कंपनीत १९५५ पासून पेनिसिलिन बनायला लागलं, शेजारच्या काकांनी तिथे उभी नोकरी काढली, आणि आम्हाला ते याच शहरात शोधत फिरावं लागलं याचं मला वाईट वाटलं. आधी ऍलर्जीची चाचणी झाली. पहिल्या संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला, आम्ही घाबरलो. औषधाने जंतू मोठ्या संख्येने मरतात तेव्हा असा ताप येतो, एका दिवसात उतरतो, हे सिस्टरनी सांगितलं. तसाच उतरला.

रात्री दोनच्या आणि पहाटे सहाच्या डोसमध्ये झोप कुठली. त्या वेळात मी वाचत बसायचे. या आजाराच्या रुग्णांनी एकेकाळी युरोपातली वेड्यांची इस्पितळं भरलेली होती आणि लोक त्याला निव्वळ वेड समजत. १९१३ साली नोगुची आणि मूर या दोघांनी अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचा जंतू दाखवला. पुढे ऑस्ट्रियातल्या वाग्नर-याउरेग यांनी या रुग्णांना मुद्दाम मलेरिया देऊन त्या तापाने उपचार केला, त्याला १९२७ चं नोबेल मिळालं. इतका जिवावरचा उपाय लोक पत्करत होते, कारण दुसरं काही नव्हतं. पेनिसिलिनने उपदंश बरा होतो हे १९४३ मध्ये दिसलं. आणि माझे बाबा त्यानंतर इतक्या वर्षांनी त्याच आजाराने खाटेवर होते, फक्त कोणाला तो आठवला नव्हता म्हणून.

आईबद्दल लिहायलाच हवं. मॅडमनी आई-बाबांना समोर बसवून आजाराचं नाव सांगितलं. आईने विचारलं, "हे कधीचं?" नेमकं वर्ष कोणतीच तपासणी सांगत नाही, पण ही अवस्था यायला बहुधा दशकं लागतात, असं मॅडम म्हणाल्या. इतक्या जुन्या आजारात शरीरसंबंधातून लागण सहसा होत नाही, पण पूर्वी झालेली असू शकते, म्हणून जोडीदाराची तपासणी करायचीच. "मग आत्ताच करा," आई म्हणाली. आईकडून गर्भाला लागण होऊ शकते, त्यामुळे तिची तपासणी म्हणजे माझी आणि दादाचीही होती. माझ्या बाळंतपणाच्या वेळी केलेल्या तपासण्यांच्या यादीतही व्हीडीआरएल होतं, निगेटिव्ह होतं. प्रत्येक गरोदर बाईची ती करतात, ती कशासाठी असते हे मला या सगळ्यात पहिल्यांदा कळलं. आईच्या दोन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या आणि आम्हा मुलांची वेगळी करायची गरज उरली नाही. आईने रिपोर्ट पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "आधी बरे होऊ देत. भांडायचं ते नंतर." नंतर ती भांडलीही. ते त्या दोघांचं आहे.

भेटायला येणाऱ्यांना आम्ही 'मेंदूला सूज' एवढंच सांगायचो. ते खोटं नव्हतं. पण आमच्याच नात्यातल्या एका गृहस्थांना अशीच लक्षणं आहेत असं कळल्यावर मी दोन रात्री विचार करत राहिले आणि शेवटी त्यांच्या मुलाला फोन करून आजाराचं नाव घेऊन सांगितलं, ही तपासणी करून घे, काहीशे रुपयांची आहे. सरकारी रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक असतात, तिथे ती मोफतही होते. त्यांची निगेटिव्ह आली, त्यांचं कारण दुसरं निघालं. तरी मी फोन केला हे बरंच केलं असं मला वाटतं.

बाबांचा राग आणि बंगल्याच्या गोष्टी सगळ्यांत आधी ओसरल्या. मग जीभ हलकी झाली. काही महिन्यांनी त्याच सेंटरवर, त्याच मशीनवर दुसरा एमआरआय केला. जुनी सीडी सोबत नेली, कारण दोन्ही शेजारी ठेवून बघितल्याशिवाय फरक सांगता येत नाही. यावेळी गुंगी लागली नाही, बाबा स्वतः शांत पडून राहिले. कानशिलाकडचा पांढरेपणा पुष्कळ उतरला होता. आक्रसलेला मेंदू मात्र होता तसाच. जे विझवता येत होतं ते औषधाने विझवलं, जे गेलं ते गेलं, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं आणि त्यांनी ते गोड करून सांगितलं नाही याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. बाबा आता शंभरातून सात वजा करत चव्वेचाळीसपर्यंत येतात. जुनं सगळं आठवतं, नवीन माणसांची नावं राहत नाहीत. रिक्षाचे पैसे नीट मोजतात. बँकेचे व्यवहार दादाच्या सहीने होतात आणि त्यावर त्यांची तक्रार नाही.

व्हीडीआरएल १:३२ वरून १:८ वर आली. चौपट उतरली म्हणजे उपचार लागू पडला असं धरतात. टीपीएचए पॉझिटिव्हच राहणार, म्हणून डिस्चार्ज कार्डाच्या प्रती काढून एक आईकडे, एक दादाकडे, एक फॅमिली डॉक्टरांकडे दिली आहे. पुढेमागे मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी कोणी रक्त तपासलं आणि ते पॉझिटिव्ह बघून दचकलं, तर आजार होता, उपचार कधी आणि किती झाला, हे कागदावर दाखवता यायला हवं. पुढची रक्ततपासणी दिवाळीनंतर आहे. तारीख बाबांनीच कॅलेंडरवर लिहिली आहे.